रेषा कोण आखतो?

सत्ताधाऱ्यांनी स्वतःच्या सोयीने मतदारसंघांच्या सीमा आखण्यास इंग्रजीत ‘जेरीमँडर’ म्हणतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी स्वपक्षास लाभदायक ठरणाऱ्या मतदारसंघ-रचनेस मंजुरी दिली. त्यातील एक वेडावाकडा मतदारसंघ सॅलॅमँडर या सरड्यासारख्या उभयचर प्राण्यागत दिसत होता. ‘बोस्टन गॅझेट’ने त्याचे व्यंगचित्र छापले आणि दोन्ही नावांची सांगड घातली गेली.

भारतात २००२ च्या परिसीमन कायद्याने आमदार-खासदारांना आयोगाचे केवळ सहयोगी सदस्य ठेवले आणि त्यांना मताधिकार नाकारला. जागावाटपावरून राज्याराज्यांत वाद होतील. मात्र त्या गदारोळात हा दंडक सैल होता कामा नये. सीमा लाभार्थ्यानेच आखली, तर निकाल मतदानापूर्वीच ठरतो.