अल्टरनेटर घरीच बदलायचा, तर...

कामठा (जि. गोंदिया) : डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला, की बहुतेक मोटारमालक बॅटरीलाच दोष देतात. नवी बॅटरी आणली जाते, दोन-चार दिवस सुखात जातात आणि एका संध्याकाळी तीही बसते. बॅटरीचा खर्च वाया गेल्यावर कळते, की दुखणे बॅटरीचे नव्हते. तिला वीज पुरवणारा अल्टरनेटरच कामातून गेला होता.

मोठ्या शहरात एका दूरध्वनीवर मिस्त्री दारात येतो. बिरसी विमानतळाजवळच्या कामठ्यासारख्या गावात मात्र परिस्थिती वेगळी असते. भोवती धानाच्या बांध्या, सुटे भाग मिळायचे ते गोंदियाच्या बाजारात आणि गाडी बंद पडायची ती नेमकी रात्री वा भर पावसात. अशा वेळी ‘हे काम आपणच करावे का’ हा प्रश्न केवळ हौसेचा किंवा पैशांच्या बचतीचा राहत नाही. उत्तर असे, की जुन्या आणि साध्या बांधणीच्या मोटारींत ते नक्कीच करता येते. मात्र कामाचा क्रम चुकता कामा नये आणि आपण कुठे थांबायचे, हे आधी ठाऊक हवे.

अल्टरनेटर करतो काय?

बॅटरी केवळ इंजिन सुरू करून देते. त्यानंतर दिवे, वायपर, इंधनपंप, पंखा आणि इंजिनाचा संगणक या सर्वांना वीज देण्याचे व बॅटरी पुन्हा भरण्याचे काम अल्टरनेटर करतो. इंजिनाच्या पट्ट्याने त्याची पुली फिरते. तिचा वेग इंजिनाच्या साधारण दोन ते तीन पट असतो. आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकाला, म्हणजे रोटरला, दोन कार्बन ब्रशमधून थोडा प्रवाह मिळतो. तो चुंबक फिरू लागला, की भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो. डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात, तर रेग्युलेटर व्होल्टेज आटोक्यात ठेवतो.

पूर्वी हेच काम डायनामो करीत असे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणाऱ्या सुरुवातीच्या फिएट गाड्या ज्यांनी चालवल्या, त्यांना सिग्नलवर थांबताच मंदावणारे दिवे आठवत असतील. इंजिन संथ असताना डायनामोची वीज पुरत नसे. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर बसवला आणि पुढे जगभर डायनामो मागे पडला.

दोष नेमका कुणाचा?

पाना हाती घेण्यापूर्वी एक साधा मल्टिमीटर हाती घ्यावा. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन सुरू केल्यावर हा आकडा १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास गेला पाहिजे. तो १३ च्या वर चढतच नसेल, तर बॅटरी भरली जात नाही. १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा गाडीत बॅटरी उकळते आणि दिवे उडतात. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक गरजेनुसार व्होल्टेज कमी-जास्त करतो. त्यामुळे एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढू नये.

आकडा कमी दिसला तरी लगेच नवा अल्टरनेटर घेण्याची घाई नको. पट्टा सैल वा झिजलेला आहे का, बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साचला आहे का, अल्टरनेटरची जाड तार सैल झाली आहे का, मुख्य फ्यूज उडाला आहे का, हे आधी पाहावे. अनेकदा बिघाड केवळ झिजलेल्या कार्बन ब्रशचा किंवा रेग्युलेटरचा असतो. हे भाग वेगळे मिळतात आणि जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन ते नव्या अल्टरनेटरच्या तुलनेत पुष्कळ कमी खर्चात बदलून देतो. घरघर येत असेल, तर बेअरिंग गेलेले असू शकते. रात्रभर उभी राहून बॅटरी उतरत असेल, तर गळका डायोडही त्याला कारणीभूत असतो.

एक घातक सवय

रस्त्याकडेच्या काही गॅरेजमध्ये आजही एक ‘परीक्षा’ घेतली जाते : चालू इंजिनावर बॅटरीची तार काढायची; इंजिन सुरू राहिले तर अल्टरनेटर चांगला. डायनामोच्या आणि कार्ब्युरेटरच्या काळात ही युक्ती खपून गेली. आज ती महागात पडते. बॅटरी एकाएकी सुटली, की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणभर नेहमीच्या कित्येक पटींनी उसळते. त्या एका झटक्यात अल्टरनेटरचे डायोड आणि इंजिनाचा संगणक निकामी होऊ शकतात. कुणी तसे करू लागल्यास गाडीमालकाने त्याला स्पष्टपणे थांबवावे.

सुटा भाग निवडताना

जुन्या अल्टरनेटरवरील पट्टीवर क्रमांक, व्होल्टेज आणि अँपिअर छापलेले असतात. तो शक्यतो काढून दुकानात सोबतच न्यावा. पुलीच्या खाचा, बोल्टच्या कानांतील अंतर आणि तारेचा प्लग हे तिन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. लहान मोटारींत साधारण ६० ते ९० अँपिअरचे अल्टरनेटर असतात. मूळच्यापेक्षा कमी क्षमतेचा घेऊ नये. दुरुस्त करून विकलेला अल्टरनेटर स्वस्त पडतो. पण तो घेताना लेखी हमी आणि पावती मागावी.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट, टणक जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे आणि तारा कुठे जोडल्या आहेत, याची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. जोडणीच्या वेळी ही छायाचित्रे फार उपयोगी पडतात.

१. सर्वप्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. हा क्रम का? गाडीचे सारे शरीर ऋण टोकाला जोडलेले असते. आधी धन तार सोडवू लागलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. ऋण तार आधी निघाली, की ही भीती संपते. तार काढल्याने रेडिओ व घड्याळाच्या नोंदी पुसल्या जातात. रेडिओला सांकेतिक क्रमांक असल्यास तो आधी टिपून ठेवावा.

२. अल्टरनेटरमागील जाड तारेचा नट सोडवावा आणि प्लगची कडी दाबून तो अलगद काढावा. प्लग ओढताना तारेला धरू नये.

३. पट्टा सैल करावा. जुन्या गाड्यांत त्यासाठी समायोजनाचा बोल्ट असतो. नव्या गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर पान्याने फिरवावा लागतो. काही गाड्यांतील ताणून बसवलेले पट्टे विशेष अवजाराशिवाय चढत नाहीत, हे मॅन्युअलमध्ये आधीच पाहावे.

४. आधाराचे बोल्ट काढून अल्टरनेटर बाहेर घ्यावा. तो दिसतो त्यापेक्षा जड असतो, म्हणून शेवटचा बोल्ट काढताना दुसऱ्या हाताचा आधार ठेवावा.

५. नवा बसवताना सर्व बोल्टचे आटे प्रथम हातानेच लावावेत, मग पान्याने घट्ट करावेत. पट्टा प्रत्येक खाचेत नीट बसला आहे, याची खात्री करावी. जुन्या पद्धतीच्या पट्ट्याच्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण एक सेंटिमीटर दबावा. फार सैल पट्टा घसरतो, तर फार ताठ पट्टा बेअरिंग खातो.

६. जाड तारेचा नट घट्ट बसवून त्यावर रबरी टोपी चढवावी. ही जोडणी सैल राहिली, तर ती तापते आणि आगीचे कारण ठरू शकते. ऋण तार सर्वांत शेवटी जोडावी.

बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर ती आधी हवेशीर जागी चार्जरवर भरून घ्यावी. मेलेली बॅटरी भरण्याचा सगळा भार नव्या अल्टरनेटरवर टाकला, तर तो तापतो. शेवटी इंजिन सुरू करून दिवे, पंखा लावावा आणि पुन्हा व्होल्टेज मोजावे. सर्व भार असतानाही आकडा १३.५ च्या आसपास वा वर टिकला, तर काम फत्ते झाले.

कुठे थांबावे?

अनेक मोटारींत अल्टरनेटर इंजिनाच्या मागे, खाली दडलेला असतो आणि त्याच्यापर्यंत खालूनच जावे लागते. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. पावसाळ्यात अंगणातील ओल्या मातीत जॅक खचतो. विटा आणि सिमेंटचे ठोकळे अचानक फुटतात. टणक जमीन आणि भक्कम लोखंडी स्टँड नसेल, तर काम मिस्त्रीवर सोपवावे. हायब्रिड मोटारींतील उच्च व्होल्टेजच्या नारिंगी तारांना घरी हात लावू नये. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर आधी अधिकृत सेवा केंद्रात विचारावे. स्वतः केलेल्या कामामुळे हमीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

वाटेतच दिवा लागला, तर?

अल्टरनेटर बंद पडल्यावर गाडी फक्त बॅटरीवर चालते. हेडलाइटचे दोन दिवेच सुमारे १० अँपिअर घेतात. इंधनपंप, इंजिनाचा संगणक आणि वायपर धरले, तर हा आकडा २० ते २५ पर्यंत सहज जातो. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते आणि तिचा बराचसा भाग उतरण्याआधीच इंजिन अडखळू लागते. म्हणजे रात्रीच्या पावसात हाती असतो तो जेमतेम तासाभराचा, कधी अर्ध्या तासाचाच वेळ. एसी, पंखा, रेडिओ बंद करावेत आणि इंजिन मात्र बंद करू नये, कारण ते पुन्हा सुरू होईलच असे नाही. विजेवर चालणारे स्टिअरिंग एकाएकी जड होऊ शकते, याचेही भान ठेवावे. अंधारात दिवे वाचवण्यासाठी ते मालवून गाडी हाकणे हा तर जिवाशी खेळ आहे.

त्यामुळेच लाल दिवा दिसत असलेल्या गाडीतून रात्री रुग्ण घेऊन निघण्याचा मोह टाळलेला बरा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती बोलवावी किंवा शेजाऱ्याची गाडी मागावी. गावात रात्री-अपरात्री एखादी गाडी हाच अनेक घरांचा आधार असतो. महिन्यातून एकदा बोनेट उघडून पट्टा पाहिला, बॅटरीची टोके पुसली आणि मल्टिमीटर लावला, तर पाच मिनिटांच्या या तपासणीत ती गाडी ऐनवेळी दगा देणार की नाही, हे बहुतेक वेळा आधीच कळते.