दोनाला तीन की पाचाला सहा?

हजार रुपयांच्या एका डावामागे 4 रुपये. तेवढ्याच रकमेच्या दुसऱ्या डावामागे 24 रुपये. दोन्ही टेबलांवर नाव एकच, ब्लॅकजॅक. पत्ते तेच, आणि खेळणाराही असा की पुस्तकाबाहेर एक चाल करत नाही. तरी लांबच्या सरासरीत तो एका टेबलावर दर डावाला 4 रुपये सोडून उठतो आणि दुसऱ्यावर 24. हा सहापटीचा फरक नशिबाचा नाही. टेबलाच्या हिरव्या कापडावर छापलेल्या आणि बाजूच्या फलकावर बारीक अक्षरात लिहिलेल्या चार-पाच नियमांचा तो फरक आहे.

बुलडाणा जिल्ह्यात कॅसिनो नाही, महाराष्ट्रातही नाही. 1976 मध्ये राज्याने कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांसाठी कायदा केला, पण तो कधी अंमलात आला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. गोव्याचा जुगारविषयक कायदाही 1976 चाच, पण तिथे 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा खेळ आला आणि 1996 च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या बोटींत टेबलं आली. म्हणून खरा डीलर पत्ते वाटतो तो मांडवीतल्या बोटींवर. आपल्याकडची पोरं मलकापूर, नांदुरा, शेगावहून भुसावळ गाठतात, तिथून गोवा एक्स्प्रेस पकडतात. कापूस-सोयाबीनचा पैसा हातात आला की अशा सहली निघतात, आणि निघण्याआधी मोबाइलवर खोली पाहिली जाते, समुद्रकिनारा पाहिला जातो. टेबलाचा नियम कुणी पाहत नाही. हे लिहायचं कारण तेवढंच आहे.

तुलनेला आपल्या ओळखीचा आकडा घेऊ. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ज्याला आजही ‘वरली मटका’ म्हणतात, त्याचं मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईत यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागायचे. तिथले भाव येणं थांबल्यावर 1962 पासून कल्याणजी भगत आणि 1964 पासून रतन खत्री यांनी चिठ्ठ्यांचा आणि पत्त्यांचा आकडा रुळवला. 1870 मध्ये लॉर्ड मेयोंच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली ती कापसासाठीच, तेव्हा ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द या भागाला परके नव्हतेच. मटक्याचा हिशेब सोपा आहे. एकेरी आकड्याला सहसा एकाला नऊ मिळतात आणि आकडे असतात दहा. आकडा प्रामाणिकपणे निघाला असं धरलं तरी शंभर रुपयांतले दहा चालवणाऱ्याचे. लावणारा हुशार असो की भोळा, हा 10 टक्के वाटा बदलत नाही, कारण त्याच्या हातात ठरवण्यासारखं काही नसतं.

ब्लॅकजॅकमध्ये ठरवण्यासारखं बरंच असतं. बादशहा, राणी, गुलाम आणि दश्शी यांचे प्रत्येकी 10, एक्क्याचा 1 किंवा 11, बाकीच्यांचे जेवढे ठिपके तेवढे गुण. 21 च्या जवळ जायचं, पण 21 ओलांडायचे नाहीत. तुम्ही पत्ता मागू शकता, थांबू शकता, बोली दुप्पट करून एकच पत्ता घेऊ शकता, जोडी आली तर ती फोडून दोन डाव करू शकता. डीलरला मात्र मर्जी नाही: 16 पर्यंत घ्यायचंच, 17 ला थांबायचं.

मग कॅसिनोचा फायदा येतो कुठून? क्रमातून. तुम्ही आधी खेळता. तुमचे 21 च्या वर गेले की पैसे लगेच उचलले जातात, नंतर डीलरचेही 21 च्या वर गेले तरी परत मिळत नाहीत. डीलर साधारण 28 टक्के वेळा 21 ओलांडतो. तुम्हीही हुबेहूब त्याच्यासारखे खेळलात तर दोघांचेही ओलांडले जाण्याची वेळ 28 टक्क्यांच्या 28 टक्के, म्हणजे जवळपास 8 टक्के. एक्का आणि दहाचा पत्ता अशा पहिल्याच दोन पत्त्यांच्या 21 ला मिळणारे जादा पैसे यातून सव्वादोन टक्के भरून काढतात. उरतात साडेपाच टक्के. ‘डीलर करतो तेच करू, त्याला तर कळत असेल’ असं म्हणणारा माणूस दर हजारी 55 रुपये देतो. ‘ओलांडण्याचा धोकाच नको’ म्हणून 12 वर थांबणारा 39 देतो. आणि योग्य चाली पाठ असणारा, चांगल्या टेबलावर, 4.

त्या योग्य चाली कुणी अंदाजाने काढलेल्या नाहीत. अमेरिकन सैन्यातल्या बाल्डविन, कँटी, मायसेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर हिशेब करून त्या 1956 मध्ये संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापल्या. एडवर्ड थॉर्प यांनी 1962 मध्ये पुढची पायरी गाठली: उरलेल्या पत्त्यांत दहा आणि एक्के जास्त असतील तेव्हा पारडं खेळणाऱ्याकडे झुकतं, हे त्यांनी दाखवलं. पण त्यासाठी वापरलेले पत्ते काही वेळ बाजूला राहावे लागतात. आता बऱ्याच टेबलांवर यंत्र प्रत्येक डावानंतर पत्ते पुन्हा मिसळतं, तिथे मोजणीला अर्थ उरत नाही. वर पिसायला थांबावं लागत नसल्याने तासाला डाव जास्त होतात, म्हणजे वाटाही जास्त वेळा कापला जातो.

आता तो 4 चा 24 कसा होतो ते पाहू. 4 चं टेबल असं: सहा कॅट, डीलर प्रत्येक 17 ला थांबतो, कुठल्याही दोन पत्त्यांवर दुप्पट करता येतं, जोडी फोडल्यावरही करता येतं, आणि पहिल्या दोन पत्त्यांच्या 21 ला दीडपट, म्हणजे दोनाला तीन.

यातला शेवटचा नियम सगळ्यात मोठा. बऱ्याच ठिकाणी आता दोनाला तीनऐवजी पाचाला सहा देतात. ऐकायला सहा हा आकडा तीनपेक्षा मोठा वाटतो, आणि घोटाळा तिथेच होतो. हजारावर पहिल्यात 1,500 मिळतात, दुसऱ्यात 1,200. सहा कॅटमधून असा डाव 4.75 टक्के वेळा येतो, म्हणजे हजार डावांत 47 वेळा. त्यातले दोनेक डाव डीलरलाही तसेच पत्ते आल्याने बरोबरीत जातात. उरलेल्या 45 वेळी प्रत्येकी 300 रुपये कमी. हजार डावांत साडेतेरा हजार, डावाला साडेतेरा रुपये. मूळ किंमत 4 होती, ती या एका ओळीने साडेसतरा झाली. कितीही चांगलं खेळलं तरी हे भरून निघत नाही, कारण पत्ते येणं तुमच्या हातात नाही.

दुसरा नियम एक्का-छक्कीचा. एक्का 11 धरला तर हे 17, पण आणखी पत्ता घेतला तर एक्का 1 होऊ शकतो, म्हणून याला सॉफ्ट 17 म्हणतात. काही टेबलांवर डीलर इथे थांबतो, काहींवर घेतो. घेतलं तर त्याचंही 21 च्या वर जाऊ शकतं, मग खेळणाऱ्याला बरंच ना, असं वाटतं. पण 17 हा डीलरचा सगळ्यात दुबळा डाव. त्यातून सुटायची फुकट संधी त्याला मिळते, आणि हजारामागे तुमचे आणखी 2 रुपये जातात. फोडलेल्या जोडीवर दुप्पट करू दिलं नाही की 1.40, दुप्पट फक्त 10 आणि 11 वरच ठेवलं की 1.80. डीलर आपला दुसरा पत्ता सगळ्यांचं खेळून झाल्यावरच घेत असेल तर 1.10. बेरीज केली की 24 च्या आसपास येते. कॅटच्या संख्येचा बोलबाला फार असतो, पण सहाचे आठ झाल्याने हजारामागे जेमतेम 20 पैसे फरक पडतो.

नियम बदलला की चालही बदलते, आणि हे पाठांतर करणाऱ्यांच्याही लक्षात राहत नाही. तुमचे 11 आहेत आणि डीलरसमोर एक्का उघडा आहे. सहा कॅटच्या टेबलावर डीलर सॉफ्ट 17 ला थांबत असेल तर नुसता पत्ता मागायचा. तो घेत असेल तर दुप्पट करायचं. तुमच्याकडे दोन अठ्ठ्या आहेत, समोर दश्शी. डीलर आधी आपला झाकलेला पत्ता तपासत असेल तर अठ्ठ्या फोडायच्या, कारण 16 घेऊन बसण्यापेक्षा ते कमी वाईट. पण त्याचा दुसरा पत्ता शेवटी येणार असेल आणि एक्का आल्यावर वाढवलेली सगळी बोली जाणार असेल, तर फोडायचं नाही, एक पत्ता मागायचा. याच टेबलावर 11 ला दश्शीसमोर दुप्पटही करायचं नाही. फोडल्यावर दुप्पट चालत असेल तर दुर्रीच्या किंवा तिर्रीच्या जोड्या डीलरच्या दुर्री-तिर्रीसमोर फोडायच्या, नाहीतर नाही. म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेला एकच तक्ता सगळीकडे चालत नाही; तो कुठल्या नियमांचा आहे हे आधी पाहावं लागतं.

काही चाली मात्र कुठेही बदलत नाहीत. डीलरची छक्की उघडी असेल तर तो 42 टक्के वेळा बुडतो, सत्ती असेल तर 26 टक्के. एका ठिपक्याचा एवढा फरक. म्हणून 13 ते 16 हातात असताना छक्कीसमोर थांबायचं आणि सत्तीसमोर मागायचं. 16 असताना सत्तीसमोर पत्ता मागायला हात धजत नाही, हे समजू शकतं. पण थांबण्याने डीलरच्या 74 टक्क्यांपुढे मान ठेवल्यासारखं होतं.

एवढा हिशेब असून गावात परत आलेला एखादा पोरगा ‘पंधरा हजार काढले’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. तासाला 60 डाव, चार तास, हजाराची बोली: 240 डाव. चांगल्या टेबलावर अपेक्षित तोटा 960 रुपये, वाईटावर 5,760. पण एका रात्रीतला चढउतार साधारण 17,800 रुपयांचा असतो. त्यापुढे 960 काय आणि 5,760 काय, दिसतच नाहीत. चांगल्या टेबलावरून शंभरातले सुमारे 48 जण नफ्यात उठतील, वाईटावरून 37. त्या 37 जणांच्या गोष्टी पानठेल्यावर पोहोचतात, बाकीचे 63 गप्प राहतात. अशाच दहा रात्री झाल्या की चित्र उघडं पडतं: चांगल्या टेबलावरचे शंभरात 43 अजून नफ्यात, वाईटावरचे 15. आणि हे सगळं बिनचूक खेळणाऱ्यांचं. सर्वसाधारण खेळणारा चुकांपायी आणखी दीड टक्का देतो.

1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 13 पत्त्यांच्या रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा. ब्लॅकजॅक या दोहोंच्या मधे कुठेतरी बसतो: कौशल्याने तोटा कमी होतो, पण ठरलेल्या नियमांत, मोजणीशिवाय, तो शून्याखाली जात नाही. ज्यांना तीन पत्ती माहीत आहे ते इथे फसतात. पोळ्याच्या नाहीतर दिवाळीच्या बैठकीत समोरचा ब्लफ करतो, घाबरतो, त्याचा चेहरा वाचता येतो. 17 ला थांबणाऱ्या डीलरच्या चेहऱ्यात वाचण्यासारखं काही नसतं.

डीलरचा एक्का उघडा पडला की तो ‘इन्शुरन्स?’ विचारतो. त्याच्याकडे दहाचा पत्ता निघाला तर एकाला दोन मिळतात. सहा कॅटच्या 312 पत्त्यांतला तो एक्का बाजूला काढला की 311 उरतात, त्यांत दहाचे 96. बरोबरीचा व्यवहार व्हायला किमान 104 हवे होते. तोटा 7.4 टक्के. विमा या शब्दावर आपल्याकडे शेतकऱ्याचा जीव अडकलेला असतो, म्हणून सांगतो: इथे काही वाचत नाही, ती वेगळी पैज आहे. त्याहून वाईट ती जोडीची बाजूची पैज. पहिले दोन पत्ते सारखे आले तर एकाला अकरा, अशी ती काही ठिकाणी असते. पहिला पत्ता कुठलाही असो, उरलेल्या 311 मध्ये त्याच्या जोडीचे 23. हिशेब केला की तोटा सव्वाअकरा टक्के निघतो. म्हणजे झगमगत्या बोटीवर, गणवेशातल्या डीलरसमोर, मटक्याहून महाग पैज.

मोबाइलवरच्या पैशांच्या पत्त्यांना ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, तेव्हा तो मार्ग निदान कायद्याने बंद आहे. बोटीवर 21 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि खुद्द गोवेकरांना 1 फेब्रुवारी 2020 पासून जुगाराच्या जागेत मज्जाव आहे. ज्या राज्याला कॅसिनोंचं उत्पन्न हवं आहे त्याने आपल्या माणसांना बाहेर ठेवलं, हे बाहेरून जाणाऱ्याने लक्षात घेण्यासारखं आहे.

शेवटचा आकडा टेबलावर कुठेच लिहिलेला नसतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर वेगळा, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा होत नाही. हा जीएसटी कॅसिनो स्वतः किती सोसतो आणि पाहुण्याकडून किती घेतो, हे तिकीट काढतानाच विचारायला हवं. पूर्ण पाहुण्यावर टाकला तर दहा हजारांच्या चिप्समागे 4,000 रुपये होतात. चांगल्या टेबलावर, डावाला 4 रुपयांच्या हिशेबाने, एवढे पैसे जायला हजार रुपयांचे हजार डाव लागतात: जवळपास सतरा तासांचा खेळ. इथे ते चिप्सच्या खिडकीवरच गेलेले असतात.