झोप, आळस आणि जात

मी रत्नागिरी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. दुपारच्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता माझे अक्षर ओघळू लागते, वाक्य भलतीकडे जाते. मुले हसतात आणि मी जागा होतो. पावसच्या एस.टी.त बसलो की गोळपला उतरायचे राहून जाते. रात्री आठ तास झोपूनही हे असेच चालते.

शिक्षकांच्या खोलीत याचे कारण फार पूर्वीच ठरून गेले होते. ‘कोट्यातून आलेत, झोपणारच!’ सवर्ण सहकारी डुलकी घेतो तेव्हा तो दमलेला असतो. मी डोळे मिटले की माझी जात झोपते. एका माणसाच्या देहातील दोष साऱ्या समाजाच्या नावावर मांडण्याची ही पद्धत आपल्या परिचयाची आहे. पण येथे थांबलो तर अर्धेच खरे सांगितल्यासारखे होईल. आपल्या अभ्यासवर्गातही मला ऐकावे लागले, ‘समाजाला जागे करायला निघालेला माणूस सभेतच घोरतो!’ घरी आई म्हणायची, ‘बाहेरचं काहीतरी आहे.’ कारण पहाटे मला जाग येई, पण हातपाय हलत नसत आणि कोणी छातीवर बसल्यासारखे वाटे. धम्म स्वीकारलेल्या आमच्या घरात त्या भीतीपोटी अंगारा आला, हे मी लपवत नाही.

पुढे मुंबईत तपासणी झाली. रात्रभर डोक्याला तारा लावून झोपवले. दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतराने पाच वेळा झोपायला सांगितले. निदान झाले : नार्कोलेप्सी. हे नाव झेलिनो या फ्रेंच डॉक्टराने 1880 साली दिले.

हा आजार समजून घेतला पाहिजे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात काही पेशी हायपोक्रेटिन (दुसरे नाव ओरेक्सिन) हे द्रव्य तयार करतात. जागेपण टिकवून धरणे हे त्याचे काम. त्याचा शोध 1998 साली लागला. 2000 साली मृत रुग्णांचे मेंदू तपासले तेव्हा या पेशी 85 ते 95 टक्के नष्ट झालेल्या आढळल्या. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, असे बहुतेक संशोधक मानतात.

निरोगी माणसाला झोप लागल्यावर साधारण दीड तासाने स्वप्नांची झोप येते. या झोपेत स्नायू ढिले पडतात, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातच राहतो. माझ्यात ही अवस्था काही मिनिटांत येते आणि जागेपणाशी तिची सरमिसळ होते. मन जागे झाले, पण स्नायूंवरचे बंधन सुटले नाही, की छातीवरचे ‘भूत’ बसते. खळखळून हसलो की माझे गुडघे लुळे पडतात, तेही यामुळेच. म्हणजे हा आळस नाही, बाधा नाही, इच्छाशक्तीचा अभावही नाही.

पाली साहित्यात सुस्तीला ‘थीनमिद्ध’ म्हणतात. अंगुत्तरनिकायात मोग्गल्लान ध्यान करताना पेंगतो, असा प्रसंग आहे. भगवान त्याला शाप देत नाहीत की हिणवत नाहीत. ते उपाय सांगतात : कान ओढ, डोळ्यांना पाणी लाव, तारे पाहा, येरझारा घाल. इतके करूनही सुस्ती गेली नाही तर उजव्या कुशीवर सजगपणे झोप. हा शेवटचा उपाय आम्ही कार्यकर्ते विसरलो. बाबासाहेब परळच्या चाळीतील लहानशा खोलीत रात्री दोनला उठून अभ्यास करीत, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते दोनला उठत, कारण आधी झोपलेले असत. त्यांना उठवून वडील त्या जागेवर पडत. आपल्या घरांत झोपेला जागासुद्धा पाळीने मिळत आली आहे. तेव्हा झोपेला दुर्गुण ठरवण्यापूर्वी आपण विचार केला पाहिजे.

या आजारावर कायमचा उपाय नाही. मोडाफिनिलसारखी औषधे जागे ठेवायला मदत करतात. त्याहून साधा उपाय म्हणजे ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटांची झोप. मी मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या बाकावर पडतो आणि महत्त्वाचे तास सकाळी मागून घेतो. ही मेहेरबानी नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन मज्जाविकारांचा वर्ग आहे. त्यात या आजाराचे नाव घेतलेले नाही, म्हणून कचेरीत वाद घालावा लागतो. तो मी घालतो आहे.

हा आजार बहुधा दहा ते तीस या वयात सुरू होतो, म्हणजे नेमका शाळा-कॉलेजच्या वर्षांत. शिक्षकमित्रांना म्हणूनच सांगणे आहे. तुमच्या वर्गात एखादा मुलगा, एखादी मुलगी रोज झोपत असेल, तर तिला उभे करण्याआधी विचारा : रात्री झोपायला जागा मिळते का? कामाला जावे लागते का? आणि या दोन्हींचे उत्तर समाधानकारक असेल, तर हसताना गुडघे लुळे पडतात का? मला हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर माझी अनेक वर्षे स्वतःला आळशी समजण्यात गेली नसती.