सर्फिंगची शारीरिक पूर्वतयारी: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सर्फिंगच्या छायाचित्रांत सर्फर बहुधा उभाच दिसतो आणि त्यामुळे हा पायांच्या ताकदीचा व तोल सांभाळण्याचा खेळ असून सहलीपूर्वी महिनाभर बैठका मारल्या की तयारी झाली, असा समज रूढ झालेला आहे. सर्फर पाण्यात वेळ कसा घालवतात याच्या नोंदी घेऊन झालेल्या अभ्यासांतून मात्र असे दिसते, की जवळपास निम्मा वेळ ‘पॅडलिंग’मध्ये, म्हणजे फळीवर पालथे पडून हातांनी आळीपाळीने पाणी मागे लोटण्यात जातो, उरलेल्यातला बराचसा लाटेची वाट पाहण्यात सरतो आणि प्रत्यक्ष लाटेवर स्वार होण्याच्या वाट्याला दहाव्या हिश्शाहूनही कमी वेळ येतो. दोन तास पाण्यात असलेला सर्फर या हिशेबाने १२ मिनिटेही उभा नसतो. शिवाय उभे राहण्याची क्रिया, जिला ‘पॉप-अप’ म्हणतात, तीही हातांच्या रेट्याने छाती उचलून पाय झटक्यात अंगाखाली ओढून घेण्याची असल्यामुळे तिच्यासाठी बैठकांपेक्षा जोर अधिक उपयोगी पडतात. गोव्यात अश्वे किंवा मोरजीच्या किनाऱ्यावर प्रथमच शिकणाऱ्याला प्रशिक्षक बहुधा फळी ढकलून देतो, त्यामुळे त्याचे पॅडलिंग वाचते, पण पॉप-अप काही वाचत नाही.

उत्तम पोहणाऱ्याला वेगळ्या तयारीची गरज नाही, हा दुसरा समज अर्धाच खरा आहे. फळीला बांधणारी दोरी तुटू शकते, म्हणून पोहता येणे आवश्यकच आहे. तथापि पोहताना शरीर कुशीकडून कुशीकडे वळते आणि खांद्याला मोकळीक मिळते, तर फळीवर ते वळणे जवळजवळ थांबते, पायांची मदत मिळत नाही आणि मान व छाती सतत उचललेली राहते. १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकणारे ड्यूक काहानामोकू हे थोर सर्फरही होते, हे खरे. परंतु ते वाईकीकीच्या लाटांवर फळी घेऊनच वाढले होते. खांद्याच्या पात्यांमधले आणि पाठीचे स्नायू या स्थितीला सरावावेत म्हणून शलभासन आणि रबरी पट्टा मागे ओढण्याचे व्यायाम काही आठवडे आधीपासून, हळूहळू वाढवत केलेले बरे.

पाठीच्या बाबतीत तरुण व निरोगी असणे हे पुरेसे संरक्षण मानता येत नाही. ‘सर्फर्स मायलोपॅथी’ हा मज्जारज्जूचा दुर्मीळ विकार, ज्याचे वर्णन २००४ मध्ये हवाईतील रुग्णांवरून वैद्यकीय साहित्यात आले, मुख्यतः पहिल्यांदाच फळीवर गेलेल्या, एरवी धडधाकट माणसांत आढळतो. पाठ बराच वेळ मागे वाकलेली राहिल्याने मज्जारज्जूचा रक्तपुरवठा खंडित होत असावा, असे मानले जाते. म्हणून अधूनमधून फळीवर उठून बसावे, आणि पाठदुखीपाठोपाठ पाय बधिर किंवा दुबळे वाटू लागले तर ताबडतोब पाण्याबाहेर येऊन रुग्णालय गाठावे.

सर्वांत घातक समज श्वासाविषयीचा आहे. बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतले की ऑक्सिजनचा साठा वाढतो आणि दम जास्त टिकतो, असे अनेकांना वाटते. वस्तुतः सामान्य श्वसनातच धमन्यांतील रक्त ऑक्सिजनने जवळजवळ संपृक्त असते; भराभर श्वासांनी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि श्वास घेण्याची ऊर्मी प्रामुख्याने त्याच वायूच्या वाढीमुळे निर्माण होत असल्याने धोक्याची सूचनाच उशिरा मिळते. परिणामी घुसमट न जाणवताच माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो, आणि हे तरणतलावाच्या कमरेइतक्या पाण्यातही घडते. नवशिक्याच्या लहान लाटा माणसाला सहसा काही सेकंदच खाली ठेवतात. तेवढ्यासाठी दम लांबवण्यापेक्षा न घाबरता अंग सैल सोडणे आणि वर येताना हाताने डोके झाकणे अधिक कामाचे ठरते. दम रोखण्याचा सराव पाण्यात एकट्याने कधीही करू नये.

निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कसून व्यायाम करण्याचा उत्साहही गैरलागू आहे, कारण सवय नसलेल्या व्यायामाने आलेली अंगदुखी साधारणतः एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते, म्हणजे नेमकी पहिल्या धड्याच्या सुमारास.