बेत संध्याकाळचा, कालवं शिजलेली

टेक्सासच्या किनाऱ्यालगतचं गॅल्व्हेस्टन हे बेटावरचं शहर. समुद्रभिंतीवर संध्याकाळची फेरी, मग दोघांचं जेवण आणि बर्फावर मांडलेली कच्ची कालवं, हा तिथला आवडता बेत. कालवांमुळे प्रेमभावना वाढते, याला ठोस पुरावा नाही. धोका मात्र खरा आहे. कोमट, मचूळ पाण्यातला 'व्हिब्रिओ व्हल्निफिकस' हा जीवाणू मे ते ऑक्टोबर या काळात अधिक असतो. वासाचवीवरून तो ओळखू येत नाही. लिंबू, तिखट सॉस किंवा वाइनने मरतही नाही. यकृताचा आजार किंवा मधुमेह असणाऱ्यांना जास्त जपावं लागतं. लागण झालेल्या पाचांपैकी साधारण एक जण दगावतो, तोही कधी एकदोन दिवसांतच. पायाला ताजी जखम असेल, तर लाटांत अनवाणी चालणंही नको. कोकणातल्या घरांत कालवं सहसा शिजवूनच खातात. गॅल्व्हेस्टनमध्येही नीट तळलेली मागवता येतात.