गालिच्यावर सांडलेली आमटी

गालिच्यावर आमटी सांडली की एकाच जागी दोन डाग पडतात. एक फोडणीच्या तेलाचा, दुसरा हळदीचा. दोन्हींचे उपाय वेगळे. आधी तेल काढायचं, मग रंग.

सांडल्या सांडल्या चमच्याने घट्ट भाग उचलून घ्या. मग जुन्या पंचाचा किंवा धोतराचा पांढरा सुती तुकडा डागावर दाबा आणि उचला. चोळू नका. चोळल्याने डाग धाग्यांच्या मुळाशी जातो, वर गालिच्याची लव विस्कटते ती वेगळीच. फडकं पांढरंच हवं, रंगीत असेल तर त्याचाच रंग उतरण्याची भीती. तेल शोषायला कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर भुरभुरवून अर्धा तास ठेवा आणि ब्रशने झाडून काढा. नंतर दोन कप साध्या पाण्यात चमचाभर सौम्य डिशवॉश लिक्विड घालून, फडकं त्यात पिळून, डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत या. शेवटी नुसत्या पाण्याने टिपून साबण काढायलाच हवा. तो राहिला तर तिथे धूळ चिकटते.

आता हळद. या टप्प्यावर डाग अचानक लालसर झाला तर घाबरू नका. हळदीतलं कुरकुमिन हे रंगद्रव्य अल्कलीत लाल होतं. म्हणूनच कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टिपलं की तो पुन्हा पिवळा दिसतो. पिवळा झाला म्हणजे गेला मात्र नाही. कुरकुमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. त्यामुळे इथे खरं काम औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटचं. स्पिरिट गालिच्यावर ओतू नका, खालच्या थरातला गोंद सैल पडू शकतो. फडक्याला लावून टिपा. फडकं पिवळं झालं की बाजू बदला आणि फडक्यावर रंग येईनासा होईपर्यंत टिपत राहा. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस आणि देवापुढचा दिवा बंद असू द्या. हे सगळं करण्याआधी गालिच्याच्या लपलेल्या कोपऱ्यात थेंबभर लावून त्याचा स्वतःचा रंग जातो का ते पाहा.

उरलेली पिवळी झाक उन्हाला सोपवा. कुरकुमिन प्रकाशात विघटित होतं, त्यामुळे दोन-तीन दुपारच्या उन्हांत डाग बराच फिका पडतो. गालिचाही फार दिवस उन्हात राहिला तर विटतो, म्हणून रोज पाहत जा.

दुधाच्या चहाचा डाग असेल तर गरम पाणी वापरू नका, उष्णतेने दुधातलं प्रथिन धाग्याला धरून बसतं. आधी गार पाणी, मग सौम्य साबण, मग पातळ व्हिनेगर.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायची सध्या फॅशन आहे. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि डाग तसाच राहतो. त्यात सोडा अल्कली, म्हणजे हळद पुन्हा लाल.

गालिचा वाळवण्यात आळस नको. कोरडा टॉवेल घालून वर वजन ठेवा, मग पंखा लावा. खाली ताग असलेला गालिचा फार वेळ ओला राहिला तर वर तपकिरी डाग उमटतात. पावसाळ्यात तर कुबट वासही धरतो.

लोकरीवर ब्लीच कधीच वापरू नका, त्याने धागाच खराब होतो. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. काश्मीरचा किंवा भदोहीचा हाताने विणलेला लोकरी गालिचा असेल, तर डाग टिपून घेण्यापुरतंच घरी करा आणि पुढचं काम जाणकार धुलाईवाल्याकडे द्या.