संदर्भोल्लेखांचे आकडे कसे वाचावेत?

रुग्णसेवेचा तपशील आणि जमाखर्च यांच्या जोडीला या अहवालात आमच्या डॉक्टरांच्या शोधनिबंधांचा एक तक्ता दिला आहे. नंतरच्या संशोधकांनी एखाद्या निबंधाचा नामनिर्देश किती वेळा केला, ती त्याच्या संदर्भोल्लेखांची संख्या. इंग्रजीत यालाच ‘सायटेशन’ म्हणतात. खाटा आणि औषधे यांची निकड असताना या कामावर खर्च कशासाठी, असे काही देणगीदार विचारतात. प्रश्न रास्त आहे. निव्वळ आकड्यांतून त्याचे उत्तर मिळत नाही, म्हणून येथे एक प्रत्यक्ष उदाहरण देत आहोत.

डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे फार पूर्वीपासून औषधात वापरली जात असे. तिच्यामुळे रक्तदाब उतरतो, अशी नोंद १९३१ साली सेन आणि बोस यांनी केली होती. डॉ. वकील यांनी तिचा पद्धतशीर अनुभव घेतला आणि उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांचा वृत्तांत १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळवण्यात त्या निबंधाचा मोठा वाटा आहे.

पुढचा प्रवास मात्र हृदयरोगापुरता राहिला नाही. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५४ साली न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या परिणामांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवले. रसायनशास्त्रात ही कामगिरी आजही नावाजली जाते. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी रिसर्पिनमुळे निश्चल झालेल्या प्राण्यांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. कंपवाताच्या उपचाराची वाट त्यातून दिसली आणि २००० साली कार्लसन नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. डॉ. वकील आणि डॉ. क्लाइन या दोघांनाही १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला होता.

आता या प्रभावाची मोजदाद करावयाची कशी? कार्लसन यांच्या निबंधाचा आधार घेणारा आजचा मेंदूतज्ज्ञ मुंबईच्या त्या ५० रुग्णांपर्यंत मागे जात नाही. ज्ञान पाठ्यपुस्तकात शिरले की मूळ निबंधाचे नाव गळून पडते. उलट, मोठी संख्या म्हणजे मोठा गौरव असेही नाही. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ सालचा ‘लॅन्सेट’मधील निबंध २०१० साली मागे घेण्यात आला, त्याचे उल्लेख उदंड आहेत, पण बहुतेक खंडनासाठी केलेले. मोजणीत मात्र खंडन आणि मंडन एकाच रकान्यात पडतात.

यूजीन गारफिल्ड यांची संदर्भोल्लेखांची सूची १९६४ साली निघाली, तेव्हापासून ही मोजणी सुकर झाली. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचवला. ज्याचे दहा निबंध प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेखिले गेले आणि अकरा निबंधांच्या बाबतीत असे म्हणता येत नाही, त्याचा निर्देशांक दहा. सोय चांगली आहे. पण एकच युगप्रवर्तक निबंध लिहिणाऱ्याचा निर्देशांक त्या निबंधाने फार तर एकाने वाढतो! शिवाय गणितज्ञ आपल्या निबंधाखाली मोजकेच संदर्भ देतो, तर जीवरसायनशास्त्रज्ञ भरघोस. त्यामुळे अनेक विषयांत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचे उल्लेख एकत्र मिळवले, की जेथे संदर्भ देण्याची रीत सढळ, त्या विषयाचे पारडे आपोआप जड होते. अशी बेरीज आम्हांस दिशाभूल करणारी वाटते.

या कारणास्तव तक्त्यात विभागांची एकत्रित बेरीज दिलेली नाही. प्रत्येक निबंधापुढे विषय आणि प्रसिद्धीचे वर्ष आहे, कारण गतवर्षीच्या निबंधाला उल्लेख मिळण्यास अवधीच मिळालेला नसतो. निबंधामुळे आमच्या एखाद्या वॉर्डातील उपचारपद्धती बदलली असल्यास ते शेवटच्या रकान्यात नमूद केले आहे. वाचकांनी तो रकाना आधी पाहावा, ही विनंती.